लौताकारीच्या नोंदवहीत जे नव्हतं

सिमो, ७ ऑक्टोबर १९७३

ओइवा,

पत्ता लेम्पीकडून घेतला. दर नाताळला ती तुझ्या साइमीला कार्ड पाठवते, हे मला परवा कळलं. साडेसहा वर्षं माझी बायको माझ्याच खणातली तिकिटं लावून माझ्याच भावाकडे टपाल पाठवत होती आणि मी आपला बाहेर जाळी विणत बसलेलो. विचारलं तर म्हणाली, "तुझं भांडण आहे, माझं नाही."

इकडे सिमोत सगळं ठीक. बटाटे काढून झाले, यंदा लहान आहेत पण खूप आहेत. मासे बरे लागतात. मी निवृत्त झालो त्याला दीड वर्ष झालं. आपल्या लौताकारीच्या दीपगृहावर आता माणूस राहत नाही, दिवा आपोआप लागतो. निरोपाच्या दिवशी दीपगृहांच्या कचेरीने भिंतीवर लावायचा हवामापक दिला. खाली पितळी पट्टीवर 'नेटक्या नोंदींबद्दल' असं कोरलंय.

तानेली आठवतो का? तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात नवा आलेला, मोठ्या कानांचा. तो आता दीपगृहाचा मास्तर झाला. लौताकारीच्या पलीकडे, भर समुद्रात, सुओलाकारीचा नवा दीपमनोरा उभा राहिलाय. तानेली आणि आणखी दोघे तिथे राहतात. सप्टेंबरात उद्घाटन झालं. मलाही बोलावलं होतं, केक होता.

एक बारीकसं काम होतं. तुझी ती निळी वही अजून आहे का? जुनं काही चाळावंसं वाटतं हल्ली. असेल तर पाठव. घाई नाही. पण समुद्र गोठायच्या आत मिळाली तर बरं होईल.

आर्तुरी


सिमो, ४ नोव्हेंबर १९७३

ओइवा,

तुझं उत्तर नाही. लेम्पी म्हणते, येणारही नाही. पाकीट बंद करायच्या आधी तिने माझं पत्र वाचलं होतं. "हे पत्र आहे की बटाट्यांची बातमी? सगळं सांगितलंस आणि जे सांगायचं ते गिळलंस," म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत. ती म्हणाली, "ओइवा बरोबर होता आणि तू दगड होतास, हे वाचायला मला पत्र कशाला लागतंय?"

तर आता नीट लिहितो.

उद्घाटनाच्या दिवशी सुओलाकारीच्या गच्चीवर मी केकची बशी घेऊन उभा होतो. शेजारी मनोऱ्याचा आराखडा करणारा इंजिनिअर हाग्रेन होता. तरुण आहे, चांगला आहे, शिष्ट नाही. मला म्हणाला, "मास्तर, या मनोऱ्यात तुमचाही वाटा आहे." मला वाटलं, म्हातारा समजून गोड बोलतोय. तर म्हणाला, "लौताकारीच्या तुमच्या नऊ हिवाळ्यांच्या नोंदी आम्ही वाचल्या. रोज एकच ओळ, 'विशेष काही नाही.' बर्फाचा मनोऱ्याला काहीच त्रास होत नाही हे त्यावरून सिद्ध झालं. म्हणून हा जास्त उंच केला आणि भिंतीचा पोलादी पत्रा पातळ घेतला."

मी बशी कठड्यावर ठेवली. हाताने भिंत चाचपली. खरंच पातळ होती.

आता तुझ्याबद्दल. तू काय करायचास ते मी विसरलेलो नाही. गळाचं शिसं दोरीला बांधून छतावरून सोडलं होतंस आणि खाली कागद चिकटवून ते किती झुलतं त्याच्या खुणा करायचास. शेगडीतली राख खाली बर्फावर फेकायचास, आणि तो काळा डाग कठड्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात सरकतो ते घड्याळात बघायचास. मी पोरांसमोर तुझी टिंगल करायचो, "बघा, प्रोफेसर राख पेरतायत." तू म्हणायचास, "दादा, जोरात येणाऱ्या बर्फाची भीती नाही. तो आदळतो आणि फुटतो. संथ येतो ना, तोच वाईट. तो मनोऱ्याच्या तालात ढकलतो." सगळ्या जगाला वाटतं जोराचा बर्फ वाईट. मलाही तसंच मानणं सोयीचं होतं, म्हणून मी ऐकलं नाही.

फेब्रुवारी सदुसष्टमध्ये तू म्हणालास, हे वहीत लिही नाहीतर मी कचेरीला कळवतो. त्याच आठवड्यात मी तुझ्या सेवापुस्तकात लिहिलं, 'नसा कमकुवत, मनोऱ्यावर राहण्यास अयोग्य.' खाली माझी सही. त्या एका ओळीनंतर तुला कुठल्याच दीपगृहावर कोणी घेणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तू स्वीडनला, गोथेनबर्गच्या कारखान्यात मोटारींना चाकं लावायला गेलास. इथे मी सांगितलं, पगार बरा मिळतो म्हणून गेला.

वही पाठव, ओइवा. माझ्यासाठी नको. सुओलाकारीवर तिघं आहेत.

आर्तुरी


सिमो, १८ नोव्हेंबर १९७३

वही मिळाली. पाकिटात चिठ्ठी नव्हती, वही मी तीन वेळा झटकून पाहिली.

मी तुझी वही आणि माझ्या नोंदींची प्रत शेजारी शेजारी ठेवून वाचली. चार हिवाळ्यांत बेचाळीस दिवस असे, की तुझ्याकडे शिसं वीतभर झुलतंय आणि माझ्याकडे विशेष काही नाही. एका दिवशी तर तू लिहिलंयस की भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. माझ्या वहीत त्या दिवशी घड्याळ दुरुस्त केल्याची नोंद आहे. कशाने पडलं ते नाही.

आणि १९ फेब्रुवारी सदुसष्टचं पान. 'बर्फ सेकंदाला चार बोटं. वारा नाही. चाळीस मिनिटं हललं. दादा बाहेर कठडा दोन्ही हातांनी धरून उभा. ओठ पांढरे. मी आत आलो, त्याला दिसू नये म्हणून.'

मला वाटत होतं तुला माहीत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती आणि ती मी एकट्याने लपवली, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तुला भित्रा म्हटलं ते त्याच संध्याकाळी. तू उलटून बोलला असतास तर मी तिथेच संपलो असतो. तू बोलला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर बोललो असतो, हे खरं सांगतो.

खाडीच्या कडेला बर्फ धरलाय. गुरुवारी हेलसिंकीला जातोय.

आर्तुरी


सिमो, ९ डिसेंबर १९७३

ओइवा,

हाग्रेनला भेटलो. दोन्ही वह्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने अर्धा तास वाचल्या, मधे एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाला, "मास्तर, मनोरा एक, दिवस तेच आणि गोष्टी दोन. मी कुठली खरी धरू?"

"निळी."

"आणि तुमची?"

"ती खोटी आहे."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता बोलताय? आपल्या भावाला सांभाळून घेताय असं उद्या कोणी म्हणालं तर?"

प्रश्न रास्त होता. त्याला कसं समजावू? तो किनाऱ्यावरचा नाही. मी म्हटलं, खोटं लिहायचं असं ठरवून कोणी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे माणूस मनोऱ्यावर जातो तो कुरकुर करायला नाही. रोज सकाळी दहाला रेडिओवर विचारतात, काय खबर? विशेष काही नाही म्हणायचं आणि जेवायला बसायचं. पाय मोडला तरी एवढंच म्हणायचं की जरा दुखतंय. जो जास्त बोलेल त्याला बाकीचे वसंतापर्यंत चिडवायचं सोडत नाहीत. मी नऊ वर्षं कुरकुर केली नाही आणि तुम्ही ती सगळी मोजमाप म्हणून वाचलीत.

त्याने दोन्ही वह्या मिटल्या. "म्हणजे माझा पत्रा तुमच्या सभ्यपणाने पातळ झाला," म्हणाला. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

मी लेखी दिलं की माझ्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. दुसरा परिच्छेदही सांगितला, की तुझ्या सेवापुस्तकातली ओळ मी सूड म्हणून लिहिली आणि ती खोडावी. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तेही टंकलं. हे सगळं सहीसकट कचेरीत आहे. आता 'नेटक्या नोंदींबद्दल' तो हवामापक परत मागतील का, असं लेम्पी विचारत होती. हसत होती, पण मी बाहेरून आल्यावर तिने माझा कोट स्वतः काढून घेतला. असं ती कधी करत नाही.

पण माणसं अजून वरच आहेत. हाग्रेनला पटलं, त्याच्या वरिष्ठांना नाही. ते म्हणाले, नव्या मनोऱ्यावर हलतंय का ते तिथल्या मास्तरलाच विचारा. विचारलं. तानेली रेडिओवर काय म्हणाला असेल ते तू इतक्या लांबूनही सांगशील.

हाग्रेन म्हणतो, पुढच्या जहाजाने तुम्हीच वर जा. शिसं टांगा, राख टाका. तानेलीला हे आवडणार नाही.

आर्तुरी


सिमो, १४ जानेवारी १९७४

ओइवा,

आज बसून सगळं लिहितो.

चार तारखेला बर्फफोड्या जहाजाने सुओलाकारीवर सोडलं. तानेली शिडीपाशी घ्यायला आला. म्हणाला, "या मास्तर. मनोरा सोडवेना होय?" त्याने माझी पिशवी घेतली, बाक दिला, सगळं अदबीने. पण मी खिशातून शिसं काढलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. "हे ओइवाचं खूळ तुम्हाला कधी लागलं?" बाकी दोघांतला हुओतारी वीस-बावीसचा आहे आणि पेक्का माझ्याहून थोडा लहान. दोघं खाली बघून हसले.

पहिले पाच दिवस वारा होता. बर्फ सणसणत यायचा, ठोकर द्यायचा, फुटून जायचा. आवाज भयंकर, पण शिसं नुसतं थरथरायचं. तानेली म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, वारा पडू दे.

दहा तारखेला वारा पडला. गुरुवार होता, म्हणजे वाटाण्याचं सूप. आम्ही रेडिओच्या आधीच, साडेनऊला बसलो होतो, कारण पेक्काला भूक आवरत नाही. बाहेर इतकी शांतता की मी उठून खिडकीतून पाहिलं. सगळं मैदान एकसंध, चालतंय की थांबलंय तेही कळेना. मी राखेचं फावडं रिकामं केलं. डाग चार बोटं, चार बोटं असा सरकत होता.

मी परत येऊन बसलो आणि सुरू झालं. आधी चमचे, मग बशा चालायला लागल्या. हुओतारीची बशी पेक्काकडे निघाली. त्याने डाव्या हाताने ती धरली आणि उजव्याने खात राहिला. मग सगळ्यांनीच तसं केलं. चार मोठी माणसं एका हाताने आपापली बशी धरून दुसऱ्या हाताने सूप खातायत, टेबल खालून गुडघ्यांना मारतंय, आणि पेक्का मला विचारतोय, "यंदा बटाटे कसे झाले, मास्तर?" मी म्हटलं, "लहान. पण खूप." हुओतारीच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि तो म्हणाला, सूप छान झालंय. शिसं कागदाच्या बाहेर जात होतं. कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

दहा वाजले. तानेली उठला, भिंतीला धरत रेडिओपाशी गेला. पलीकडून विचारलं, काय खबर? आणि ओइवा, त्याने माझ्याच आवाजात उत्तर दिलं. तोच सूर, मधे तेवढंच थांबणं. नऊ वर्षं मी कसा ऐकू येत होतो ते मला त्या दिवशी कळलं.

मी जाऊन त्याच्या हातातून यंत्र घेतलं. त्याने सोडलं नाही, ओढावं लागलं. मी म्हटलं, "आर्तुरी लाउताला बोलतोय. सुओलाकारी हलतोय, जवळजवळ अर्ध्या तासापासून. आम्ही बशा धरून जेवतोय. मला भीती वाटतेय. ऐकताय ना, मला भीती वाटतेय. जहाज पाठवा आणि चौघांनाही उतरवा. हे नोंदवहीत लिहा, मी म्हणालो तसंच."

पलीकडून कागद सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, लिहितोय, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

तानेली एवढंच म्हणाला, "माझ्या मनोऱ्यावर हे बोलायला नको होतं, मास्तर." जहाज यायला दोन दिवस लागले. दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. पण पहिल्याच संध्याकाळी हुओतारीची पिशवी भरलेली, बंद करून दाराशी ठेवलेली होती. कोणी भरायला सांगितलेलं नव्हतं.

उतरलो. चौघंही.

आर्तुरी


सिमो, २७ जानेवारी १९७४

ओइवा, आज थोडंच.

मनोरा उभा आहे. दिवाही लागतो, आपोआप लागेल अशी सोय करून ठेवली होती. तानेलीला कचेरीत बसवलंय. तो रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो. दुकानात गेलो की विचारतात, "मास्तर, फरशी हलत तर नाही ना?" मी म्हणतो, तुझ्या वजनाने थोडी. घरी येऊन मात्र बोलवत नाही.

एक गोष्ट लेम्पीलाही सांगितलेली नाही. रोज सकाळी उठून मी आधी खिडकीतून वारा बघतो. वारा नसला की आत कुठेतरी बरं वाटतं. पडावा, असं वाटतं. चांगला उजेड देणारा, दोनशे माणसांनी घाम गाळून बांधलेला मनोरा पडावा, म्हणजे मी खरा ठरेन. तुला सहा वर्षं असंच वाटत होतं का? की तुझ्यात तेवढा खोटेपणा नव्हता?

आर्तुरी


सिमो, १० फेब्रुवारी १९७४

ओइवा,

मंगळवारी मनोरा गेला. वारा नव्हता, थंडीही बेताची. संध्याकाळी सहाच्या सुमारास दिवा बंद असल्याचं एका जहाजाने कळवलं. दुसऱ्या दिवशी विमानातून पाहिलं तर पाण्यावर आठ-दहा हात उंचीचा वाकडा बुंधा तेवढा उरलाय. झोपायच्या खोल्या आणि बाक, सगळं बर्फाखाली. आत कोणी नव्हतं. हाग्रेनचा फोन आला. आधी "कोणी नव्हतं" हे दोनदा म्हणाला, मग बाकीचं सांगितलं. पुढचा मनोरा तुझ्या वहीवरून बांधायचाय, तुला पत्र लिहिणार आहे. त्याला नीट उत्तर दे, मुलगा चांगला आहे.

मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. मी गोठ्यात जाऊन रडलो, गाय बघत होती.

आता दुकानात कोणी फरशीचं विचारत नाही, दार उघडून धरतात. तेही मला सोसत नाही.

काल दुपारी तानेली आला. बूट काढले, टोपी गुडघ्यावर घेतली आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला. लेम्पीने कॉफी ठेवली, बार्लीची भाकरी ठेवली. तो प्यायला, तिने पुन्हा ओतली. एक तासभर तिघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. चुलीत लाकूड घालायचं तेवढं चाललं होतं. मग तो उभा राहिला, टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि दाराकडेच तोंड करून म्हणाला, "इर्याला सांगितलं मी. तुम्ही नसता तर मी मंगळवारीही तेच म्हणालो असतो." आणि गेला. इर्या त्याची बायको, तिला मेमध्ये मूल होणार आहे.

तो फाटकातून बाहेर पडला तरी मी बसूनच होतो. तो दुकानात भेटून बोलू शकला असता, चिठ्ठी टाकू शकला असता. मी तुला सहा पत्रं लिहिली. लेम्पी म्हणते, कागदावर मी फार शूर झालोय.

तू बोलावलेलं नाहीस, एका ओळीनेही नाही. तरी गुरुवारच्या बसने तोर्नियो, तिथून गाडी, शनिवारी सकाळी गोथेनबर्ग. तुझी कामाची पाळी असेल तर साइमी दार उघडेल. ती उघडणार नसेल तर जिन्यात बसेन, मला सवय आहे. स्वीडिश येत नाही, पण बसायला भाषा लागत नाही.

जे म्हणायचंय ते मला माहीत आहे, फार मोठं नाही. पण तोंडातून बाहेर यायला वेळ लागेल, तानेलीपेक्षा जास्त. कॉफी जरा जास्त टाकून ठेव.

आर्तुरी